सोसण्याकडून पेलण्याकडे : आतड्यांच्या जन्मजात विकारांसह जगणाऱ्या प्रौढांचे वर्ग

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ‘मूल वाचले’ म्हणून घरच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, अशी अनेक मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. ती नोकरी करतात, संसार करतात, चारचौघांत मिसळतात. मात्र घराबाहेर पडताना त्यांच्या मनात पहिला हिशेब असतो तो स्वच्छतागृह किती अंतरावर आहे याचा. प्रवास असेल तर आदल्या रात्रीपासून ते जेवत नाहीत. कपडे गडद रंगाचेच घेतात. लग्नाच्या पंगतीत शेवटी बसून लवकर उठतात. लहानपणी ज्या शल्यविशारदांनी त्यांना तपासले ते निवृत्त झालेले असतात, आणि मोठ्यांच्या डॉक्टरांनी असा रुग्ण क्वचितच पाहिलेला असतो. सर्वांत विशेष म्हणजे, आपल्यासारखी दुसरी व्यक्ती त्यांना उभ्या आयुष्यात भेटलेली नसते.

अशा प्रौढांना एकत्र बसवून त्यांच्या विकाराविषयी रीतसर शिकवण्याची पद्धत युरोपातील काही देशांत रुजली आहे. नॉर्वेने तर रुग्णांना शिकवणे हे रुग्णालयांचे कायदेशीर कर्तव्यच ठरवले आहे. हे शिक्षण कशाचे, ते एकेकट्याला न देता गटात का द्यायचे, आणि त्याने नेमके काय साधते, हे समजून घेण्यासारखे आहे.

विकार कोणते?

येथे प्रामुख्याने दोन विकारांचा विचार करायचा आहे. पहिला म्हणजे गुदद्वाराची जन्मजात सदोष घडण. यात गुदद्वार तयारच झालेले नसते, किंवा आतड्याचे तोंड भलत्या जागी उघडते. मुलग्यांत ते पुष्कळदा मूत्रमार्गाला जोडलेले असते, मुलींत योनिमुखाशी उघडते. सुमारे पाच हजार जन्मांमागे एक असे याचे प्रमाण मानले जाते. यातील अनेक बालकांना मूत्रपिंड, पाठीचा कणा, हृदय किंवा अन्ननलिका यांचेही दोष असतात.

दुसरा विकार ‘हर्शस्प्रुंगचा आजार’ या नावाने ओळखला जातो. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथील सभेत अशा दोन बालकांची माहिती मांडली, म्हणून हे नाव. गर्भ वाढत असताना आतड्याच्या हालचालींचे नियमन करणाऱ्या मज्जापेशी वरून खाली सरकत जातात. त्या वाटेतच थांबल्या तर आतड्याचा शेवटचा भाग मज्जापेशींवाचून राहतो. तो भाग आकसलेलाच राहतो, मळ पुढे सरकत नाही आणि त्याच्या वरचे आतडे फुगत जाते. जन्मानंतर ४८ तास उलटूनही बाळाला पहिली शी झाली नाही, तर या आजाराचा संशय घ्यावा लागतो. हाही साधारण पाच हजारांत एकाला होतो आणि मुलग्यांमध्ये त्याचे प्रमाण मुलींच्या सुमारे चौपट आढळते.

या विकारांसह जगणारे प्रौढ हा वैद्यकाच्या दृष्टीने तसा नवाच वर्ग आहे. मज्जापेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे खाली ओढून जोडण्याची शस्त्रक्रिया बोस्टनमध्ये ऑर्व्हर स्वेन्सन यांनी १९४८ साली जगापुढे मांडली. त्यापूर्वी हर्शस्प्रुंगचा आजार झालेली बहुतेक बालके फार जगत नसत. गुदद्वाराच्या सदोष घडणीवर मागच्या बाजूने, मधोमध छेद घेऊन प्रत्येक स्नायू डोळ्यांनी पाहत करायची शस्त्रक्रिया अल्बेर्तो पेन्या यांनी १९८० साली मेक्सिकोत सुरू केली आणि पुढे ती जगभर पसरली. त्या शस्त्रक्रियेने वाढलेली पहिली मुले आज चाळिशी ओलांडत आहेत.

शस्त्रक्रियेनंतर काय उरते?

शौचावरचे नियंत्रण ही आपल्याला अगदी सहज वाटणारी गोष्ट तीन गोष्टींच्या मेळावर अवलंबून असते. मार्ग आवळून धरणारे स्नायू हवेत, आत वायू आहे की मळ हे ओळखणारी संवेदना हवी, आणि मळ पुढे ढकलण्याची आतड्याची योग्य गती हवी. शल्यविशारद मार्ग तयार करू शकतो. पण जे स्नायू किंवा ज्या नसा मुळातच अपुऱ्या घडल्या आहेत, त्या तो नव्याने देऊ शकत नाही. ज्यांचा दोष सौम्य होता आणि कण्याचा तळाचा भाग नीट घडलेला होता, त्यांना पुढे बहुधा चांगले नियंत्रण लाभते. त्यांची तक्रार असते ती बद्धकोष्ठाची. दोष जितका वरच्या भागातला आणि कणा जितका सदोष, तितके नियंत्रण अवघड होते. हर्शस्प्रुंगच्या आजारातही शस्त्रक्रियेनंतर काहींना बद्धकोष्ठ, तर काहींना वारंवार शौचास होण्याचा त्रास उरतो.

या उरलेल्या त्रासाचे व्यवस्थापन दररोज, घरी आणि स्वतःच करायचे असते. ते करण्यासाठी आपल्या आतड्याचे काम कसे चालते हे समजले पाहिजे. एकच उदाहरण पुरेसे आहे. समजा, तिशीतल्या एका गृहस्थांना दिवसातून अनेकदा थोडे थोडे पातळ शौचास होते आणि कपड्यांना डाग पडतात. हा जुलाबच, असे समजून ते जुलाब थांबवण्याच्या गोळ्या घेतात. त्रास वाढतो. प्रत्यक्षात त्यांच्या आतड्यात कडक मळाचा गोळा साचलेला असू शकतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो. म्हणजे दुखणे बद्धकोष्ठाचे आणि उपाय मात्र जुलाबाचा! साधे पोट तपासून किंवा एक्स-रे काढून हे कळू शकते. परंतु त्यासाठी ही शक्यता मनात यावी लागते, आणि त्याआधी हा विषय कोणाजवळ तरी बोलावा लागतो.

नेमके येथेच घोडे अडते. आपल्या भाषेतही या क्रियेचे थेट नाव टाळले जाते. ‘परसाकडे जाणे’, ‘बाहेर जाणे’ असे आडवळणाचे शब्द आपण वापरतो. ‘शौच’ या शब्दाचा मूळ अर्थ तर शुद्धी असा आहे. ज्याला त्यावर ताबा ठेवता येत नाही, त्याच्या वाट्याला नकळत अशुद्धपणाचा शिक्का येतो. हृदयविकाराचा रुग्ण आपले दुखणे कचेरीत सांगू शकतो, मधुमेही माणूस मिठाई नाकारताना कारण सांगतो. हा रुग्ण मात्र गप्प राहतो, पुष्कळदा जोडीदारापाशीही.

वर्गाची जुनी परंपरा

रुग्णांना एकत्र बसवून शिकवण्याची कल्पना आजची नाही. १९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचा ‘वर्ग’ सुरू केला. आरोग्यधामात राहण्याची या रुग्णांची ऐपत नव्हती, आणि क्षयावर औषध त्या काळी नव्हतेच. विश्रांती, मोकळी हवा आणि आहार यांचे नियम रुग्णांनी घरीच पाळावेत यासाठी आठवड्यातून एकदा त्यांना एकत्र बोलावले जाई. प्रत्येकाने रोजची नोंदवही लिहावी आणि वर्गात दाखवावी असा दंडक होता. ज्याची प्रकृती सुधारे त्याला पाहून इतरांना धीर येई. हा धीर हेदेखील उपचाराचे अंग आहे, हे प्रॅट यांच्या हळूहळू लक्षात आले. समूह मानसोपचाराच्या इतिहासात या वर्गाचा उल्लेख आवर्जून होतो.

पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी आधी संधिवाताच्या आणि नंतर सर्वच दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. आठवड्यातून एकदा अडीच तासांची बैठक आणि शिकवणाऱ्या दोघांपैकी निदान एक जण स्वतः दीर्घकालीन आजाराचा रुग्ण, अशी त्याची रचना होती. ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसाचे वागणे बदलतो, हा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा १९७७ सालचा सिद्धांत या अभ्यासक्रमाच्या मुळाशी होता. आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला जमलेले पाहणे हा तो विश्वास निर्माण होण्याचा एक मोठा मार्ग असल्याचे बांडुरा सांगत.

नॉर्वेचा कायदा

नॉर्वेत १९९७ साली ओस्लोमधील आकेर रुग्णालयात पहिले ‘शिकण्याचे आणि पेलण्याचे केंद्र’ उघडले. १९९९ साली संमत झालेल्या आणि २००१ पासून लागू झालेल्या विशेष आरोग्यसेवा कायद्याने रुग्णालयांची चार कामे सांगितली : रुग्णांवर उपचार, आरोग्य कर्मचाऱ्यांचे शिक्षण, संशोधन, आणि रुग्ण व त्यांच्या नातलगांचे शिक्षण. म्हणजे रुग्णाला शिकवणे हा डॉक्टरांच्या सवडीचा किंवा सौजन्याचा भाग न राहता उपचार आणि संशोधन यांच्या पंक्तीला येऊन बसला. त्यानंतर अशी केंद्रे देशभरातील रुग्णालयांत उभी राहिली.

या केंद्रांच्या कार्यपद्धतीतील एक तत्त्व महत्त्वाचे आहे. तज्ज्ञांचे ज्ञान आणि आजारासह जगणाऱ्याचे ज्ञान यांना तेथे समान मान दिला जातो. वर्ग आखताना, घेताना आणि नंतर त्याचे मूल्यमापन करताना डॉक्टर, परिचारिका यांच्या बरोबरीने अनुभवी रुग्णही टेबलाशी बसतात. डॉक्टर सांगतात आतडे कसे चालते; अनुभवी रुग्ण सांगतो सहलीला जाताना पिशवीत काय काय ठेवायचे. यातले एकही ज्ञान दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

दुर्मीळ विकारांच्या बाबतीत मात्र एक अडचण येते. नॉर्वेत वर्षाला साधारण ५० ते ६० हजार बालके जन्माला येतात. पाच हजारांत एक हे प्रमाण धरले, तर या प्रत्येक विकाराची दहा-बारा बालकेच दरवर्षी जन्मतात. देश लांबलचक, उत्तरेकडील ट्रोम्सो हे शहर ओस्लोपासून हजार किलोमीटरहून दूर. आपल्या गावात, आपल्या जिल्ह्यात दुसरा रुग्ण सापडणे जवळजवळ अशक्य. म्हणून दुर्मीळ निदानांसाठी देशपातळीवरील केंद्रे झाली. ओस्लो विद्यापीठ रुग्णालयातील अशा केंद्राच्या कार्यकक्षेत गुदद्वाराच्या सदोष घडणीचाही समावेश झाला. असे वर्ग दूरदूरच्या रुग्णांना मुद्दाम एका ठिकाणी आणतात, आणि पुष्कळांसाठी ती आपल्यासारखा माणूस पाहण्याची पहिलीच वेळ असते.

वर्गात शिकवतात काय?

असा वर्ग साधारणपणे एक-दोन दिवसांचा किंवा काही आठवड्यांत विभागलेला असतो. येथे जे सांगितले जाईल ते बाहेर न्यायचे नाही, हा पहिला नियम. त्यानंतर सुरुवात होते ती शरीराच्या आकृतीपासून. हे बाळबोध वाटेल, पण त्याला कारण आहे. आपल्याला नेमका कोणता दोष होता आणि कोणती शस्त्रक्रिया झाली, हे अनेक प्रौढांना ठाऊकच नसते. डॉक्टरांनी जे सांगितले ते आईवडिलांना. रुग्ण तेव्हा पाळण्यात होता. म्हणून जुनी कागदपत्रे मिळवणे, दोषाचा प्रकार, शस्त्रक्रियेचे नाव, मूत्रपिंडांची आणि कण्याची स्थिती एका कागदावर लिहून ठेवणे, हा पहिला पाठ. अनोळखी डॉक्टरांपुढे जाताना हा एक कागद मोठे काम करतो.

दुसरा पाठ नोंदवहीचा. दोन आठवडे खाणे, शौचाच्या वेळा, मळाचे स्वरूप, पोटदुखी आणि ‘अपघात’ यांची नोंद ठेवली की आतड्याची लय दिसू लागते. आहारतज्ज्ञ त्यावरून मार्गदर्शन करतात. ‘भरपूर चोथा खा’ हा सरसकट सल्ला येथे चालत नाही. मंद आतड्याला जे उपयोगी, तेच वेगाने चालणाऱ्या आतड्याला तापदायक ठरू शकते.

तिसरा पाठ उपायांच्या पायऱ्यांचा. आहार आणि औषधे यांनी भागले नाही, तर ठराविक वेळी गुदद्वारावाटे कोमट पाणी सोडून मोठे आतडे धुऊन काढण्याची पद्धत आहे. आतडे एकदा रिकामे झाले की पुढचा सुमारे दिवसभर माणूस निर्धास्त राहू शकतो. इंग्लंडमधील शल्यविशारद पॅड्रेग मॅलोन यांनी १९९० साली आंत्रपुच्छाचे तोंड पोटाच्या त्वचेशी आणून तेथून हे पाणी वरून खाली सोडण्याची शस्त्रक्रिया वर्णन केली. त्यामुळे रुग्णाला हे काम स्वतःच्या हाताने, कमोडवर बसून करता येते. काहींसाठी पोटावर कायमचे कृत्रिम द्वार हा सर्वांत सुखाचा मार्ग ठरतो. वर्गात येईपर्यंत ते अनेकांना हार मानल्यासारखे वाटत असते. पोटावर पिशवी असलेली व्यक्ती शेजारी बसून चहा घेत घेत आपल्या गिर्यारोहणाची हकीकत सांगू लागली, की त्या शब्दाची धास्ती कमी होते.

यानंतर येतात ते एरवी कोणी न विचारलेले प्रश्न. शरीरसंबंधांचे काय? मूल होईल का? प्रसूती नैसर्गिक व्हावी की शस्त्रक्रियेने? हा विकार मुलांत उतरेल का? यांची उत्तरे दोषाच्या प्रकारानुसार बदलतात. ज्या स्त्रीच्या गुदद्वाराची पुनर्रचना झाली आहे, तिने गर्भारपणाच्या सुरुवातीलाच प्रसूतितज्ज्ञ आणि शल्यविशारद यांची एकत्र भेट घ्यावी. हर्शस्प्रुंगच्या आजाराशी निगडित ‘रेट’ नावाच्या जनुकातील दोष १९९४ साली ओळखला गेला. त्यामुळे जनुकीय सल्ला घेण्याची सोय आता आहे. या आजाराच्या रुग्णाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची असते. पोट फुगणे, दुर्गंधीयुक्त पातळ मळ आणि ताप ही लक्षणे एकत्र दिसली तर तो आतड्याचा गंभीर दाह असू शकतो. तो प्रामुख्याने बालवयात होतो. पण केव्हाही झाला तरी घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठले पाहिजे.

शेवटी मनाची गोष्ट. लहानपणी वारंवार झालेल्या तपासण्या, शिवण आकसू नये म्हणून आईवडिलांना नाइलाजाने करावे लागलेले उपचार, शाळेतील चिडवाचिडवी यांच्या आठवणी शरीरात खोल रुतलेल्या असतात. काही प्रौढ पुढे तपासणीच टाळतात आणि मूत्रपिंडासारखे निगराणीचे अवयव दुर्लक्षित राहतात. या टाळण्यामागचे कारण वर्गात प्रथमच शब्दांत येते. ते ऐकून दुसरा कोणी ‘माझेही तसेच झाले’ म्हणतो. हे वाक्य डॉक्टर उच्चारू शकत नाहीत. ते समदुःखी माणसाकडूनच यावे लागते.

मर्यादा कोणत्या?

या शिक्षणाकडून अवास्तव अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे. स्टॅनफर्डच्या अभ्यासक्रमाचे १९९९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उत्साहवर्धक होते. सहभागी रुग्णांचे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी झाल्याचे त्यात दिसले. मात्र २००७ साली कॉक्रेन संस्थेने, रुग्णांनीच शिकवलेल्या अशा वर्गांवरील १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा चित्र अधिक संयत निघाले. आत्मविश्वास आणि स्वतःच्या प्रकृतीविषयीचे मत यांत थोडी, अल्पकालीन सुधारणा दिसली. लक्षणे किंवा रुग्णालयांवरील भार घटल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. हे अभ्यास संधिवात, मधुमेह यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या आजारांचे होते. दुर्मीळ विकारांत रुग्णच मोजके, त्यामुळे मोठ्या चाचण्या अवघड.

दुसरा धोका ऐकीव सल्ल्याचा. एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याच्या आतड्याला अपायकारक ठरू शकतो. म्हणून वर्गात तज्ज्ञांची उपस्थिती अनिवार्य आहे. शिवाय गटात बोलणे प्रत्येकाला मानवतेच असे नाही. जो नुसता ऐकत बसेल त्याच्या मौनाचाही मान राखला पाहिजे.

आपल्याकडे काय?

भारतात वर्षाला दोन कोटींहून अधिक बालके जन्माला येतात. तेच प्रमाण धरले तर या प्रत्येक विकाराची चार हजारांहून अधिक बालके दरवर्षी जन्मत असावीत. नॉर्वेची अडचण रुग्ण थोडे असण्याची. आपली ती नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत बालशल्यचिकित्सा विभाग आहेत आणि तेथे या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. एका विभागाच्या जुन्या नोंदी चाळल्या तरी वर्ग भरेल एवढे प्रौढ सापडावेत.

खंड पडतो तो वयाच्या उंबरठ्यावर. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. बालशल्यविशारदांचे कार्यक्षेत्रही त्याच सुमारास संपते. त्यानंतर या तरुणाने कोणाकडे जायचे, हे कोणी ठरवून दिलेले नसते. स्वमदत गट ही कल्पना मात्र महाराष्ट्राला नवी नाही. व्यसनमुक्तीपासून मानसिक आजारांपर्यंत अनेक दुखण्यांचे गट येथे नियमित भरतात. एक खोली, एक शल्यविशारद, एक परिचारिका, एक आहारतज्ज्ञ आणि बोलायला तयार असलेला एक अनुभवी रुग्ण एवढ्या सामग्रीवर असा वर्ग सुरू होऊ शकतो.

तोवर ज्यांना हा लेख आपल्याविषयी आहे असे वाटेल, त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. आईवडील हयात आहेत तोवर त्यांना विचारून आपल्या शस्त्रक्रियेची सगळी माहिती आणि कागद मिळवावेत. दोन आठवडे नोंदवही लिहावी. आणि ती घेऊन ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली त्याच विभागात जाऊन, ‘माझ्यासारखे आणखी कोण आहेत?’ असे विचारावे. नॉर्वेतील केंद्रांच्या नावातील ‘मेस्ट्रिंग’ या शब्दाला आपल्याकडे ‘पेलणे’ हा शब्द जवळचा आहे. सोसणे एकट्याने होते. पेलायला मात्र ओझ्याचे वजन ठाऊक असावे लागते, ते कसे उचलायचे हे कोणीतरी दाखवावे लागते, आणि तेच ओझे उचलून चालणारा दुसरा कोणी नजरेसमोर असला तर पाऊल लवकर पडते.